बॅड बडीचा शेवट: पॅट-प्राननी घरी सांगितलं की नाही? (स्पॉयलर आहेत, पुढे बघून वाचा)

खिडकीतली_माऊ

संपवली एकदाची बॅड बडी, ती पॅट आणि प्रान ह्या दोन पोरांच्या प्रेमाची थाई सिरीज. ज्यांची व्हायचीये त्यांनी इथूनच मागे फिरा, खाली सगळं फोडलेलं आहे, नंतर मला बोलू नका.

तर प्रश्न १२व्या म्हणजे शेवटच्या एपिसोडबद्दल आहे. आधीचे ११ एपिसोड आपण काय बघतो, तर भिंतीला भिंत लागून दोन घरं, दोघांच्या आईबापांचं हाडवैर, पोरांना लहानपणापासून मार्क, खेळ, गाणं सगळ्यात शेजारच्याच्या वर जायचं एवढंच शिकवलेलं, मग युनिव्हर्सिटीत पॅट इंजिनिअरिंगला आणि प्रान आर्किटेक्चरला तर तिथेही दोन्ही फॅकल्टींची पोरं एकमेकांची डोकी फोडायला टपलेली, आणि ह्या सगळ्याच्या खालून ह्या दोघांचं गुपचूप आपलं चाललंय. मग कळतं की वैराचं मूळ काय, तर पॅटच्या बाबांनी तरुणपणी प्रानच्या आईची स्कॉलरशिप लबाडीने लाटलेली. मी म्हटलं आता बास, आता पोरं चौघांना एका सोफ्यावर बसवून सुनावणार. दोघं पळून समुद्रावर जातात तेव्हा तर मी टाळ्याच वाजवल्या.

आणि मग १२व्यात काय? काही वर्षं पुढे, प्रान सिंगापूरला नोकरीला, आधी तर वाटतं ह्यांचं ब्रेकअपच झालंय, माझा जीव नुसता खालीवर, आणि नंतर कळतं की नाही, सगळं सुरळीत आहे फक्त घरच्यांसमोर 'आमचं काही नाही'चं नाटक चालू आहे. अजून??? एवढी वर्षं?

हे हॅपी एंडिंग म्हणायचं का? का लिहिणाऱ्यांना क्लायमॅक्सचा कंटाळा आला? आणि आता पुढे काय बघू तेही सांगा, टूगेदर ही थाई सिरीज लॉकडाऊनमध्येच झालेली आहे.

तिखटशेव

माऊ, अगदी माझ्या मनातलं लिहिलंस. मला तर हा शेवट म्हणजे चक्क पळवाट वाटली. ५व्या एपिसोडमध्ये गच्चीवरचा तो सीन देता तुम्ही, पॅट किस करतो, प्रान उलटून त्याला करतो आणि मग रडत रडत निघून जातो, डायलॉग जवळपास नाहीच आणि तरी सगळं कळतं, एवढी हिंमत आहे दिग्दर्शकात, मग आईबापांसमोर आल्यावर ती कुठे गेली? चूक त्या बाबाची. माफी मागायला हवी होती ती त्या काकूची. आणि भरतंय कोण तर पोरं, तीही आयुष्यभर लपून. मला नाही पटलं. सगळे फॅन 'किती रिअॅलिस्टिक' म्हणून डोक्यावर घेतात, रिअॅलिस्टिक म्हणजे कसंही संपवलं तरी चालतं असं आहे का.

गल्ली_नंबर_चार

लोकांनो टायटलमध्ये स्पॉयलर लिहिलंय हे मान्य पण मी ८व्यावर आहे आणि मोह आवरला नाही. चूक माझीच. चालू द्या.

उपवासाची_मिसळ

शेव, थांब थांब. मी ही सिरीज तेव्हा दर शुक्रवारी येत होती तेव्हा बघितलेली आहे, ऑक्टोबर २०२१ ते जानेवारी २०२२, आणि शेवटचा एपिसोड आला त्या दिवशी आमच्या ग्रुपवर ह्याच विषयावर रात्रभर धुमश्चक्री झालेली. तेव्हाही माझं मत हेच होतं आणि आजही हेच आहे की शेवट बरोबर आहे.

कसं ते सांगते. पूर्ण सिरीजभर ही दोघं काय करतात? खोटं बोलतात. शाळेत असताना खोटं, मित्रांसमोर खोटं, होस्टेलसारख्या त्या बिल्डिंगमध्ये समोरासमोर खोल्या आहेत तरी कॉरिडॉरमध्ये कोणी आलं की लगेच शर्टाची कॉलर धरायची म्हणजे भांडण चाललंय असं वाटावं. आपल्याला ते क्यूट वाटतं कारण त्यांनाच त्यात मजा येते. पण जिथे ह्या लपवण्याने कुणाला तरी खरंच लागतं तिथे त्यांना ते सोडावं लागतं. वायला कळतं तेव्हा तो केवढा दुखावतो बघ, प्रानचा जिगरी दोस्त, आणि त्यालाच सांगितलं नाही. मित्रांपाशी ते किंमत मोजून खरे होतात. आईबापांपाशी नाही होत, कारण त्या चौघांनी तो हक्क कमावलेलाच नाही! माझ्या मते १२व्यात घाबरलेली दोन पोरं नाहीयेत, तुमचं भांडण तुम्ही सांभाळा आमचं आयुष्य आम्ही जगतो असं ठरवलेली दोन मोठी माणसं आहेत. पहिल्या एपिसोडला जे नाटक त्यांच्यावर लादलेलं होतं तेच शेवटी ते स्वतःच्या सोयीने वापरतात.

आणि मला तरी वाटतं दोन्ही घरांना कळलेलं आहे. फक्त कुणी विचारत नाही. विचारलं की उत्तर द्यावं लागेल ना.

तिखटशेव

'हक्क कमावलेला नाही' हे मात्र आवडलं. शेवट नाही आवडला, पण हे आवडलं.

सुखुमवितचा_सदू

नमस्कार. नोकरीनिमित्त बँकॉकमध्ये राहतो, बायको ह्या सिरीजची भक्त आहे त्यामुळे मलाही बळजबरी बघायला लागली आणि मग मीच तिच्या आधी संपवली (हे तिला माहीत नाही).

दोन तीन गोष्टी इथे राहिल्यावर जरा वेगळ्या दिसतात. एक म्हणजे ते युनिफॉर्म. युनिव्हर्सिटीची पोरं पांढऱ्या शर्टात आणि काळ्या पँटमध्ये हे मला आधी सिरीजवाल्यांची हौस वाटायची, पण ट्रेनमध्ये रोज सकाळी दिसतात हो, खरोखर. आणि इंजिनिअरिंगवाल्यांचा तो जाड कापडाचा वर्कशॉपचा शर्ट, तो अंगावर असला की पोरगं जरा छाती काढूनच चालतं. त्यामुळे दोन फॅकल्टींची चुरस हा प्रकार लेखकाने हवेतून आणलेला नाही. मारामारीत बसस्टॉप मोडतात आणि मग दोन्ही बाजूंना मिळून तो नीट करायला लावतात, ते मला फार आवडलं होतं. पॅट आणि प्रानला उघडपणे एकत्र उभं राहायला पहिलं कारण मिळतं ते तिथे, आणि तेही शिक्षा म्हणून.

दुसरं, सिरीज चालू असतानाच नोव्हेंबर २०२१ मध्ये इथल्या घटना न्यायालयाने निकाल दिला होता की लग्न फक्त स्त्री आणि पुरुषाचं असं म्हणणारं कलम घटनेच्या विरोधात नाही. म्हणजे शुक्रवारी टीव्हीवर पोरं पोरं प्रेमात आणि त्याच आठवड्यात कोर्टाचं हे. तेव्हाच्या प्रेक्षकाला शेवटी दोघांचं लग्न दाखवलं असतं तर ते परीकथा वाटलं असतं. पुढे २०२४ मध्ये समलिंगी लग्नाचा कायदा झाला आणि २३ जानेवारी २०२५ पासून लग्नं नोंदवायला सुरुवात झाली, आग्नेय आशियात पहिला देश. आज हीच सिरीज काढली असती तर कदाचित माऊ म्हणतायत तसा सोफ्यावरचा सीन आला असता. त्यामुळे जानेवारी २०२२ चा शेवट जानेवारी २०२२ चाच आहे एवढं माझं म्हणणं.

खिडकीतली_माऊ

सदूदादा ही कोर्टाची तारीख मला अजिबात माहीत नव्हती, आता परत बघताना डोक्यात राहणार. (वहिनींना सांगत नाही.)

मिसळताई, वायचा मुद्दा बरोबर आहे. पण मग त्याच न्यायाने पॅटची बहीण पा, तिला लहानपणी बुडताना प्राननेच वाचवलेलं असतं, एवढं सगळं होऊनसुद्धा त्या घरात एका माणसाला बापासमोर उभं राहून बोलता येऊ नये ह्याचा राग येतो मला. बापाला त्याच्याच मुलीचा जीव वाचवणारा पोरगा नको आहे!

जुनं_खोड

इथे सगळी २०२० नंतरची मंडळी दिसतायत. पोरांनो आम्ही सोटस २०१६ ला बघितलेली आहे, तीही भयानक सबटायटलांसह.

बॅड बडी का वेगळी हे कळायचं असेल तर आधी सोटस बघाच. तीही इंजिनिअरिंगचीच. अर्थित तिसऱ्या वर्षाचा, नव्या पोरांची 'शिस्त' घेणाऱ्या सीनियरांचा म्होरक्या, आणि कोंगपोब पहिल्या वर्षाचा, एकटाच उठून उलट बोलणारा. आपण ज्याला सरळ रॅगिंग म्हणतो आणि ज्याच्यासाठी महाराष्ट्रात १९९९ पासून वेगळा कायदा आहे, तेच तिथे परंपरा म्हणून हॉलमध्ये ओरडून ओरडून चालतं आणि सिरीज त्यावर प्रश्नही विचारते आणि थोडी मायाही करते, हा गोंधळ तिच्यात आहे. पहिल्याच एपिसोडला अर्थित विचारतो, माझा गिअर (त्यांच्या फॅकल्टीचं मानाचं चिन्ह) कसा हिसकावणार, तर कोंगपोब सगळ्यांसमोर म्हणतो तुम्हाला बायको करीन, बायकोचं ते नवऱ्याचंच असतं. तेव्हा आम्ही उशीत तोंड खुपसून किंचाळलो होतो. आता बघितलं की जरा कसंतरी होतं. दोघांपैकी एक 'बायको' असलाच पाहिजे हे त्या काळच्या जवळपास प्रत्येक सिरीजमध्ये होतं.

बॅड बडीमध्ये ते नाहीये. दोघं बरोबरीचे आहेत, दोघं तेवढेच हट्टी, आधी कोण कबूल करतो ह्याचीसुद्धा पैज लावतात. त्या बाहुलीशिवाय झोप न येणारा कोण, तर रग्बी खेळणारा धटिंगण पॅट! नोंग नाओला जवळ घेऊन झोपतो बिचारा. एवढ्या एका गोष्टीत दिग्दर्शकाने पाच वर्षांच्या सिरीजांना उत्तर दिलंय. शेवटावर काय भांडता, हे बघा की.

आणि हो, सोटसमध्ये तो एवढा डरकाळ्या फोडणारा अर्थित गुलाबी दूध पितो. ते मी कधीच विसरणार नाही.

नगरचा_निशांत

एरवी नुसता वाचतो इथे, आज लिहितोय. मी गे आहे, वय २६, पुण्यात पार्टनरबरोबर राहतो, घरी तो रूममेट आहे. आईबाबांना मी सांगितलेलं नाही आणि त्यांनी विचारलेलं नाही. पण दिवाळीला आईने डबे भरले तर दोन भरले, एकात बेसनाचे लाडू आणि एकात रव्याचे, आणि म्हणाली ह्यातले रव्याचे त्याला दे, त्याला बेसन पचत नाही ना. हे मी तिला कधी सांगितलं होतं मला आठवत पण नाही, कधीतरी फोनवर बोलताना निघालं असेल.

त्यामुळे १२वा एपिसोड बघताना मला पळवाट वगैरे काही वाटलं नाही. तिखटशेव तुमचा राग कळतो मला, मलाही सोफ्यावरचा सीन हवाय, कुणाला नको असतो. पण तो सीन झाल्यावर काय होतं ते सिरीजला दाखवावं लागत नाही, क्रेडिट्स येतात. आपल्याला दुसऱ्या दिवशी सकाळी उठून त्याच घरात चहा प्यायचा असतो.

तिखटशेव

निशांत, वाचलं. ह्यावर मी वाद घालणार नाही. फक्त एवढंच की माझा राग पॅट-प्रानवर नव्हता, त्या बापावर होता आणि तो तसाच राहणार आहे. आणि आईला माझ्यातर्फे नमस्कार.

उपवासाची_मिसळ

निशांत, रव्याच्या लाडवांची रेसिपी मागून ठेव, धागा भरकटला तरी चालेल.

माऊ, तुझा दुसरा प्रश्न राहिलाच. पुढे काय बघायचं तर आधी अवर स्काय २ मधले पॅट-प्रानचे एपिसोड बघ, २०२३ चे आहेत, त्यात ही दोघं अ टेल ऑफ थाउजंड स्टार्सच्या डोंगरातल्या गावात जाऊन पोचतात, आणि त्या सिरीजचा दिग्दर्शकही हाच, नोपनाच, सगळे ज्याला ऑफ म्हणतात तो. म्हणजे आधी ती बघावी लागेल. बघच. मित्रांचीच गोष्ट हवी असेल तर थिअरी ऑफ लव्ह, २०१९ ची. फिल्म शिकणारी पोरं, थर्डचं आपल्याच बेस्ट फ्रेंडवर वर्षानुवर्षं एकतर्फी प्रेम, आणि तो खाय म्हणजे दर आठवड्याला नवी पोरगी. पहिले पाच सहा एपिसोड त्या खायच्या कानाखाली दोन ठेवून द्याव्या वाटतात, मग त्याची पाळी येते, आणि काय येते! थर्ड झालेला गन आणि खाय झालेला ऑफ जुंपोल, दोघांचं काम बघ फक्त. (हा ऑफ वेगळा, नट आहे, गोंधळू नको.)

जुनं_खोड

आधी सोटस.

गल्ली_नंबर_चार

कुठे बघायच्या पण ह्या? पैसे न भरता?

उपवासाची_मिसळ

ह्या सिरीज काढणाऱ्या जीएमएमटीव्हीच्या स्वतःच्या यूट्यूब चॅनेलवर. मी तिथेच बघितल्या, इंग्रजी सबटायटल असतात, एकेक एपिसोड चार तुकड्यांत टाकलेला असतो, पहिला तुकडा संपला की दुसरा शोधायला लागतो तेवढा त्रास आहे. मध्येच कुणीतरी प्रेमात रडता रडता फेसवॉशची ट्यूब लेबल कॅमेऱ्याकडे करून धरेल, तेव्हा दचकू नकोस, फुकट बघायचं तर एवढं चालवून घ्यायचं. आणि तू आधी ९वा बघ, वायचं काय होतं ते मी वर फोडलेलंच आहे पण तरी बघ.

खिडकीतली_माऊ

ठरलं, थाउजंड स्टार्स आणि मग अवर स्काय. सोटस पावसाळ्यात, खोडकाका रागवू नका. शेवटाबद्दल अजून पूर्ण पटलेलं नाहीये मला, पण गच्चीवरचा सीन आता परत बघायला बसतेय, उद्या ऑफिसला डोळे सुजवून गेले तर ह्या धाग्याला जबाबदार धरण्यात येईल.