शब्दचर्चा : लेंट, उपवासकाळ की कोरेज्म?

मुद्रितशोधक, पर्वरी :
मंडळी, परवा रात्री एका तीन ओळींच्या बातमीने माझा अर्धा तास खाल्ला. बातमीदाराने लिहिलं होतं, ‘ख्रिस्ती बांधवांचे लेंट पर्व बुधवारपासून उत्साहात साजरे होणार आहे.’ मी आधी ‘उत्साहात’ खोडलं, मग ‘पर्व’, मग ‘साजरे’. उरलं नुसतं ‘लेंट’. तेवढ्यावर पान सोडता येईना. शेवटी ‘ख्रिस्ती बांधवांचे चाळीस दिवसांचे उपवास सुरू’ असं करून मोकळा झालो. सकाळी शेजारच्या आंटी पेपर हातात घेऊन कुंपणापाशी उभ्या. म्हणाल्या, ‘चाळीस दीस उपाशीं रावल्यार पास्कांक उरतलो कोण रे?’ (पास्क म्हणजे ईस्टर; लेंट हा त्याच्या आधीचा काळ.)

आंटी स्वतः लेंटला ‘कोरेज्म’ म्हणतात. गोव्यातला कोणीही कॅथलिक माणूस घरात तेच म्हणतो. आता दोन प्रश्न. एक, मराठीत लिहिताना कोणता शब्द वापरावा? दोन, क्रियापद कोणतं? आणि जाता जाता तिसरा : पोर्तुगीजांचा ‘नाताळ’ मराठीने इतका आपलासा केला की तो परका आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही. ‘पाव’, ‘पाद्री’, ‘क्रूस’ हेही घेतले. मग कोरेज्मच तेवढा कुंपणापलीकडे का राहिला?

वसईची, सध्या वास्को :
आमच्या वसईत घरीदारी मराठीच, त्यामुळे शब्द तयार आहेत. ‘उपवासकाळ’ सर्रास चालतो, ‘प्रायश्चित्तकाळ’ही चालतो. पहिला दिवस ‘राखेचा बुधवार’, शेवटच्या आठवड्याच्या तोंडावर ‘झावळ्यांचा रविवार’, मग ‘उत्तम शुक्रवार’, म्हणजे गुड फ्रायडे. क्रुसापुढची चौदा स्थानांची प्रार्थना ती ‘क्रुसाची वाट’. प्रायश्चित्तकाळ अर्थाने जास्त नेमका वाटतो मला, कारण यात खाणं हा एक भाग झाला. प्रार्थना आणि दानधर्म हे दुसरे दोन. पण गोव्यात येऊन मी ‘प्रायश्चित्तकाळ’ म्हटलं की समोरचे लोक बघत राहतात. माझ्या सासूबाई विचारतात, ‘कसलें प्रायश्चित्त? कितें केलें तुवें?’

मुद्रितशोधक, पर्वरी :
सासूबाईंचा मुद्दा अगदी बिनतोड आहे. मराठीत प्रायश्चित्त म्हटलं की आधी पातक हवं, तेही ठरावीक. अमुक केलंस म्हणून तमुक घे. सगळ्या गावाने मिळून घ्यायचं दरसालचं प्रायश्चित्त आमच्या कानाला खटकतंच.

माई, माशेल :
इतका घोळ कशाला घालता? सरळ ‘ख्रिस्ती लोकांचा श्रावण’ म्हणा. आमच्या घरी श्रावणात मासळी बंद, तसंच ते. आणि त्यांचं इंत्रूज म्हणजे आपली गटारी. आदल्या दिवशीपर्यंत चापून घ्यायचं, दुसऱ्या दिवसापासून साळसूद.

मडगावची शिक्षिका :
माई, गटारीची उपमा मी वर्गात वापरणार, आधीच सांगून ठेवते. शब्दानेही ती बसते. कोकणीतलं ‘इंत्रूज’ आलं पोर्तुगीज ‘एंत्रुदु’वरून, आणि त्याच्या मुळाशी लॅटिन ‘इंत्रोइतुस’, म्हणजे प्रवेश. कोरेज्मात शिरायचा उंबरठा. ‘कार्निव्हल’मध्येही मांस दूर करण्याचाच अर्थ आहे. पणजीच्या रस्त्यावर चित्ररथावरून कार्निव्हलचा राजा किंग मोमो ‘खा, पिये, मजा कर’ असं फर्मान सोडतो ते मंगळवारपर्यंतच का, याचं उत्तर या दोन शब्दांत आहे.

श्रावणाचं मात्र जपून. उलट गंमत अशी की श्रावणात तुम्ही नेमकी मासळी सोडता, आणि कोरेज्माच्या शुक्रवारी आमच्याकडे हुमण, म्हणजे माशांची आमटी, असतंच. वर्ज्य आहे ते मांस. ‘ख्रिस्ती बांधव चाळीस दिवस शाकाहार करतात’ असं वाचलं की मला बातमीदाराला जेवायला बोलवावंसं वाटतं.

आता कोरेज्म. लॅटिन ‘क्वाद्राजेसिमा’ म्हणजे चाळिसावा. त्याचं पोर्तुगीजमध्ये ‘क्वारेज्मा’, आपल्या तोंडी ‘कोरेज्म’. इंग्रजी ‘लेंट’चा या चाळिसाशी काही संबंध नाही. तो जुन्या इंग्रजीत वसंत ऋतूचा शब्द होता, दिवस लांबू लागतात त्या अर्थाचा. म्हणजे मराठी वाचकाला ‘लेंट’ सांगून काहीच कळत नाही, आणि मूळ अर्थ कळला तरी वसंतोत्सव वाटेल! येशूने रानात काढलेल्या चाळीस दिवसांची आठवण म्हणून हा काळ, तेव्हा आकडा शब्दात हवाच. उत्तरेकडचे हिंदी भाषक कॅथलिक ‘चालीसा काल’ म्हणतात, ते मला फार आवडतं.

मुद्रितशोधक, पर्वरी :
बाई, हिंदीत शोभतं. मराठीत ‘चाळिसा’ म्हटलं तर हनुमान, आणि ‘चाळिशी’ म्हटलं तर नाकावरचा चष्मा. ‘ख्रिस्ती बांधवांची चाळिशी सुरू’ असा मथळा मी जन्मात सोडणार नाही.

एक शंका. बुधवार ते पास्काचा आदला शनिवार मोजले तर दिवस सेहेचाळीस भरतात.

मडगावची शिक्षिका :
त्यातले सहा रविवार वजा करा. रविवार हा पुनरुत्थानाचा वार, त्या दिवशी उपास मोजत नाहीत.

माई, माशेल :
शब्दाचीच गोष्ट चालली आहे म्हणून सांगते. माझी धाकटी वहिनी पुण्याची. लग्न होऊन आली त्या वर्षी आमच्या शेजारची मुलगी सकाळी चर्चमधल्या मिसाहून (प्रार्थनाविधीहून) परतली, कपाळावर काळपट क्रूस. वहिनीने विचारलं हे काय, तर ती पोर म्हणाली, ‘आज इगर्जेंत गोबर लायला.’ वहिनी हसतमुखाने आत आली आणि मला हळूच म्हणाली, ‘ताई, यांच्यातही शेण लावतात?’ तिला बिचारीला गोबर म्हणजे शेण, गोबरगॅस ऐकून माहीत. कोकणीत गोबर म्हणजे राख. चुलीतलाही गोबरच. बुधवार तो ‘गोबराचो बुधवार’. वहिनी आता इथली झाली, पण तो दिवस आला की आम्ही तिला अजून सोडत नाही.

वसईची, सध्या वास्को :
😄 आणि ती राख गेल्या वर्षीच्या झावळ्यांची असते. झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित झालेल्या झावळ्या लोक घरी नेऊन क्रुसामागे खोचून ठेवतात. वर्षभराने त्या करकरीत वाळतात, आम्ही परत चर्चमध्ये देतो, त्या जाळून ही राख. बोटाला लागली की बारीक, तेलकट काजळीसारखी लागते. म्हणून मला ‘भस्म बुधवार’ पटत नाही. काही ठिकाणी लिहितात तसं. भस्म म्हटलं की शंकर आला, विभूती आली, पवित्र करणारं काही आलं. इथे पाद्री सांगतो ते उलटं : तू माती आहेस आणि मातीला मिळणार आहेस. तिथे साधी ‘राख’च हवी. घरातली, चुलीतली.

पंचवाडीचा वाचक :
पर्वरीकर, तुमच्या आंटींच्या तक्रारीचं मूळ ‘उपवास’ या शब्दात आहे. मराठी माणसाचा उपवास म्हणजे पदार्थ बदलणं. भात नको, वऱ्याचे तांदूळ चालतील. पोळी नको, साबुदाणा चालेल, आणि पोटभर चालेल! निर्जळी करणारे किती? कॅथलिकांचा उपास म्हणजे पदार्थ न बदलता वेळा कमी करणं. दिवसाला एकच पूर्ण जेवण, बाकी दोनदा किंचित. त्याला आपल्याकडे नेमका शब्द होता आणि आपणच विसरलो : ‘एकभुक्त’. शिवाय तो बंधनाचा उपास सगळ्या काळात दोनच दिवस, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे, आणि तोही वयाच्या अठरापासून एकोणसाठपर्यंतच्यांना. मांस वर्ज्य करणं ही निराळी गोष्ट, ती शुक्रवारची, चौदाव्या वर्षापासून पुढे. आपल्याकडेही ‘उपास’ आणि ‘वर्ज्य’ या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेतच की. चातुर्मासात कोणी कांदा सोडतो, कोणी वांगं. त्याला आपण उपास म्हणत नाही, ‘सोडलंय’ म्हणतो. माझा ख्रिस्ती मित्र दर वर्षी चाळीस दिवस फेणी सोडतो. तोही ‘सोडली’च म्हणतो.

मुद्रितशोधक, पर्वरी :
हे आधी कोणी सांगितलं असतं तर आंटींची बोलणी वाचली असती. म्हणजे ‘उपवासकाळ’ हा शब्दच मराठी वाचकाला चुकीच्या स्वयंपाकघरात नेतो.

मडगावची शिक्षिका :
नेतो खरा. गुड फ्रायडेला आमच्या घरी काय असतं सांगू? पेज, आणि मिठात चेपलेलं तोर, म्हणजे कैरी. माझी आई त्या दिवशी फोडणीसुद्धा करायची नाही, कढईचा आवाज नको म्हणून. आवाजावरून आठवलं. पवित्र गुरुवारच्या मिसात ग्लोरिया या स्तोत्राला घंटा वाजतात, त्यानंतर शनिवारी रात्रीच्या जागरणापर्यंत त्या मुक्या. त्याऐवजी ‘मात्राक’ वाजवतात. लाकडी फळी, तिच्यावर हलती लोखंडी कडी. मनगटाने गदगदा हलवायची. खाड-खाड-खाड असा कोरडा आवाज येतो, घुमत अजिबात नाही. लहानपणी ती हातात मिळावी म्हणून आम्ही भांडायचो, आणि वाजायला लागली की घाबरायचोही. हा पोर्तुगीज ‘मात्राका’. याला मराठी शब्द शोधू नका कृपा करून. ‘काष्ठघंटा’ वगैरे कोणी केलं तर मी या चर्चेतून उठेन.

माई, माशेल :
‘फिरगज’ शब्द राहिला. आमच्या गावात म्हणतात, ‘त्या फिरगजेंत लग्नां ना आतां, कोरेज्म.’ तो फिरंग्यांवरून आला असावा ना?

मडगावची शिक्षिका :
नाही माई, नुसता सारखा ऐकू येतो. फिरंगी हा ‘फ्रँक’ लोकांवरून आलेला. फिरगज आला पोर्तुगीज ‘फ्रेगेझिया’वरून, आणि त्याच्या मुळाशी लॅटिन शब्द आहेत ‘चर्चची लेकरं’ या अर्थाचे. एका चर्चची लेकरं म्हणून राहणारी सगळी माणसं मिळून फिरगज. इमारत ती इगर्ज. फिरगजेला वसईत म्हणतात तो ‘धर्मग्राम’ शब्द सुंदर आहे, पण त्यात गाव दिसतं. फिरगजेत माणसं दिसतात. आणि कोरेज्म फिरगजेने पाळायचा असतो, एकट्याने नव्हे. संध्याकाळी क्रुसाची वाट असते तेव्हा कोणत्या वाड्याने कोणतं स्थान सांभाळायचं हे ठरलेलं असतं.

मुद्रितशोधक, पर्वरी :
‘पाळायचा’! बाई, तुम्ही बोलता बोलता माझा दुसरा प्रश्न सोडवलात. श्रावण पाळतात, सोवळं पाळतात, सुतक पाळतात, शब्द पाळतात. कोरेज्मही पाळतात. ‘साजरा’ हा शब्द हल्ली आपण कशालाही चिकटवतो; पुण्यतिथीसुद्धा साजरी होते. मग चौकात ‘गुड फ्रायडेच्या हार्दिक शुभेच्छा’ असा फलक लागतो. एक साधी परीक्षा सुचते : ज्याला ‘पाळणे’ लागतं त्याच्या शुभेच्छा द्यायच्या नाहीत.

माझ्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच असावं असं मला वाटू लागलंय. नाताळ साजरा व्हायचा, करंज्या-दोदोलाची ताटं कुंपणावरून इकडे यायची, ताटाबरोबर शब्द यायचा. कोरेज्मात ताट येत नाही. मग शब्द कशाबरोबर येणार?

पंचवाडीचा वाचक :
पटलं. फक्त एक जोडतो. ख्रिस्ती गोष्टी मराठीत सांगायच्या कशा हा प्रश्न आपल्याला आज पडला असं नाही. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि १६१६ साली रायतूरला त्याचं ‘क्रिस्तपुराण’ छापून झालं, मराठी ओव्यांत. स्वर्गाला तो बिनदिक्कत ‘वैकुंठ’ म्हणतो. ऐकणाऱ्याच्या ओळखीचा शब्द घ्यायचा, ही त्याची रीत. पुढे १६८४ साली व्हाइसरॉयने कोकणीविरुद्ध फर्मान काढलं, दिवस पालटले. तरी लोकांनी पोर्तुगीज शब्दही आपल्या जिभेला वळवून घेतलेच. क्वारेज्माचा कोरेज्म केला तो कोणा पंडिताने नव्हे. त्यामुळे स्टीफन्सच्याच न्यायाने बघायचं तर गोव्यातल्या ऐकणाऱ्याच्या ओळखीचा शब्द कोरेज्म हाच. वसईत उपवासकाळ लिहा, इथे कोरेज्म लिहा.

वसईची, सध्या वास्को :
मला मान्य. सासूबाईंना तर शंभर टक्के.

माई, माशेल :
अरे पण त्याची तारीख दर वर्षी हलते ती का, ते कोणी सांगेल का? कधी शिगम्याच्या आधी, कधी त्याच्यात.

मडगावची शिक्षिका :
पौर्णिमेमुळे, माई. २१ मार्च किंवा त्यानंतरची पहिली पौर्णिमा, तिच्यानंतरचा रविवार तो पास्काचा. तिथून मागे मोजत राखेचा बुधवार. म्हणून पास्क कधी होळीच्या पौर्णिमेला धरून येतं, कधी हनुमान जयंतीच्या. २०२४ साली होळीमागोमाग ३१ मार्चला आलं. २०२६ साली हनुमान जयंती २ एप्रिलला आणि पास्क ५ एप्रिलला. शिगम्याचे रोमट, म्हणजे ढोलताशांच्या मिरवणुका, कोरेज्मातच वाजतात बहुतेक वेळा. ढोल तुमचे, मौन आमचं, रस्ता एकच.

मुद्रितशोधक, पर्वरी :
(पाच आठवड्यांनंतर) मंडळी, धागा वर काढतोय. ठरल्याप्रमाणे शैलीपुस्तिकेत ‘कोरेज्म (पु.), पाळणे’ अशी नोंद करून घेतली. कोरेज्माच्या पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी गोवा वेल्हा इथे संतांच्या मूर्तींची मिरवणूक निघते, तिची बातमी काल रात्री माझ्याकडे आली. ‘कोरेज्म’ बरोबर, ‘पाळणे’ बरोबर, मिरवणुकीचा कोकणी ‘पुर्शांव’ शब्दसुद्धा बातमीदाराने अवतरणात दिला होता. मी खूश होऊन पान सोडलं. मागाहून पानावरच्या कोणा भल्या माणसाने ‘वेल्हा म्हणजे जुना’ असा विचार करून सगळीकडे ‘जुने गोवे’ करून टाकलं. दोन्ही गावं वेगळी, मधे चांगलं अंतर. सकाळपासून फोन चालू आहेत. आंटी अजून कुंपणाशी आलेल्या नाहीत.