मल्टीकोर कर्नलमध्ये टायमर: सगळ्यांची एकच यादी की प्रत्येक कोरची आपापली?

नवखा_कर्नल:
शिकण्यासाठी एक छोटं कर्नल (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा) लिहितोय, एक्स८६, ६४ बिट. एकच कोर होता तोवर टायमरचं काम सरळ होतं, पीआयटीवर (पीसीमधली जुनी टायमर चिप) १०० हर्ट्झचा टिक, म्हणजे सेकंदाला १०० ठोके, वेळेप्रमाणे लावलेली एक लिंक्ड लिस्ट, टिक आला की वेळ झालेले टायमर पुढून काढायचे आणि कॉलबॅक (वेळ झाल्यावर चालवायचं फंक्शन) चालवायचे. आता बाकीचे कोर सुरू केलेत आणि इथे अडलोय. तीच यादी ठेवून तिला स्पिनलॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारा, बाकीच्यांना फिरत वाट बघायला लावणारा लॉक) लावू आणि टिक फक्त पहिल्या कोरने घ्यावा, की प्रत्येक कोरला स्वतःची यादी देऊ? वेगळी दिली तर एका कोरवर लावलेला टायमर दुसऱ्या कोरने कॅन्सल कसा करायचा? हेच जास्त सतावतंय, कारण तिकडे कॉलबॅक चालू असताना इकडे कुणी त्याची मेमरी फ्री केली तर संपलंच.

टिकलेस:
वेगळीच दे. एक यादी चार कोरवर चालून जाईल, पण उद्या नेटवर्क घातलंस की सारखे टाइमआउट लागणार आणि निघणार, आणि तो एक लॉक या कोरच्या कॅशमधून त्या कोरच्या कॅशमध्ये धावत राहणार. शिवाय सगळे कॉलबॅक पहिल्या कोरवर आणि त्यांना लागणारा डेटा भलत्याच कोरच्या कॅशमध्ये. प्रत्येक कोरच्या लोकल एपिकमध्ये (त्या कोरला इंटरप्ट, म्हणजे हातातलं काम थांबवायला लावणारा इशारा, पोचवणारा भाग) स्वतःचा टायमर असतोच, तो वापर. त्याचा वेग मशीनप्रमाणे बदलतो म्हणून बूटच्या वेळी पीआयटीशी ताडून काढ, पीआयटी साधारण १.१९३१८२ मेगाहर्ट्झवर चालतो हे ठरलेलं आहे.

आणि "आत्ता किती वाजले" आणि "मला अमुक वेळी उठव" ही दोन कामं पहिल्यापासून वेगळी ठेव. पहिलं टीएससीवरून (प्रोसेसरमधला सतत वाढत जाणारा काउंटर, सगळ्या कोरवर तो जुळलेला आहे ना हे तपासून), दुसरं लोकल एपिककडून. टायमरमध्ये "अजून इतके टिक बाकी" असं साठवू नकोस, बूटपासूनची नक्की वेळ साठव. वन-शॉट मोडमध्ये (टायमर एकदाच वाजून थांबतो तो मोड) उरलेला वेळ मोजून काउंट लिहितोस तेव्हा हिशोब शून्यावर आला आणि तू शून्यच लिहिलंस तर एपिक टायमर सुरू करत नाही, उलट बंद करतो, म्हणजे तो इंटरप्ट कधी येणारच नाही. म्हणून कमीत कमी १ लिहायचं. टीएससी डेडलाइन मोड (उरलेल्या काउंटऐवजी टीएससीची नक्की वेळच लिहायची तो मोड) असेल तर हा त्रास नाही, वेळ उलटून गेलेली असली तरी इंटरप्ट लगेच येतो.

लॉकवाला:
मी थोडं उलट सांगतो. यादी एक की चार यापेक्षा कॅन्सलचे नियम आधी ठरव, ते चुकले तर दोन्हीकडे मरण आहे. नियम बसले की एका यादीच्या चार करणं फार मोठं काम नाही.

टायमरच्या स्ट्रक्चरमध्ये तो कुठल्या कोरच्या यादीत आहे ते लिहून ठेव. कॅन्सल करणाऱ्याने तो कोर वाचायचा, त्याच्या यादीचा लॉक घ्यायचा आणि लॉक मिळाल्यावर पुन्हा तपासायचं की टायमर अजून तिथेच आहे ना, कारण मधल्या वेळात कुणी तो दुसऱ्या कोरवर लावलेला असू शकतो. नसेल तर लॉक सोडून पुन्हा पहिल्यापासून. लिनक्समध्येही असाच लूप आहे.

आता तुझी खरी भीती. कॉलबॅक चालवायच्या आधी टायमर यादीतून निघतो आणि लॉक सोडला जातो, त्यामुळे कॅन्सल करणाऱ्याला तो यादीत सापडत नाही आणि त्याला वाटतं काम झालं. म्हणून प्रत्येक यादीसोबत "सध्या हा चालू आहे" असा एक पॉइंटर ठेव आणि कॅन्सल दोन प्रकारचे दे, एक नुसता काढणारा आणि एक कॉलबॅक संपेपर्यंत थांबणारा. मेमरी फ्री करायची असेल तर दुसराच. पण तो वापरताना जो लॉक कॉलबॅकलाही लागतो तो हातात धरून बसायचं नाही, नाहीतर तो तुझी वाट बघतोय आणि तू त्याची. खुद्द त्याच कॉलबॅकच्या आतून तर बोलवायचाच नाही.

तरीही एक भोक राहतं. तू थांबलास, कॉलबॅक संपला, आणि तेवढ्यात तिसऱ्याच कुणीतरी तोच टायमर पुन्हा लावला. त्यासाठी "आता हा कायमचा बंद, कुणी लावला तरी लागणार नाही" असा एक फ्लॅग लागतो. लिनक्समध्ये हे शटडाउन फंक्शन ६.२ या आवृत्तीत आलं, म्हणजे इतकी वर्षं मुरलेल्या कर्नललाही त्याची गरज पडली. तू पहिल्या दिवसापासून घाल.

नवखा_कर्नल:
दोघांनाही मनापासून धन्यवाद, चालू असलेल्याचा पॉइंटर मला सुचलाच नव्हता. अजून एक, एखादा कोर एचएलटीवर (इंटरप्ट येईपर्यंत कोरला झोपवणारी इन्स्ट्रक्शन) झोपलाय आणि मला दुसऱ्या कोरवरून त्याच्या यादीत टायमर टाकायचाय. त्याचा एपिक माझ्याकडून सेट करता येईल का?

टिकलेस:
नाही, रजिस्टरच्या त्या पत्त्यावर प्रत्येक कोरला स्वतःचाच एपिक दिसतो. नवा टायमर त्याच्या यादीत सगळ्यात आधीचा ठरत असेल तर त्याला आयपीआय (एका कोरने दुसऱ्या कोरला पाठवलेला इंटरप्ट) पाठवून उठवायचं, मग तो स्वतः काउंट लिहील. नसेल तर यादीत टाकून गप्प बसायचं. पण मुळात दुसऱ्याच्या यादीत टाकायची सवयच नको, जो लावतो त्याच्याच कोरवर टायमर राहू दे. लिनक्स बरीच वर्षं टायमर लावतानाच अंदाज बांधायचा की कुठला कोर जागा असेल आणि तिकडे टाकायचा, पण बहुतेक टाइमआउट वेळ यायच्या आत कॅन्सल होतात, म्हणजे तो सगळा अंदाज फुकट. २०२४ च्या ६.९ पासून टायमर लावणाऱ्याच्याच कोरवर राहतो आणि तो कोर झोपला तर जागे असलेले कोर त्याचे टायमर ओढून घेऊन चालवतात.

लॉकवाला:
यात भर घालतो. झोपायच्या आधी इंटरप्ट बंद ठेवूनच यादी तपास, आणि मग एसटीआय (इंटरप्ट पुन्हा सुरू करणारी इन्स्ट्रक्शन) आणि एचएलटी लागोपाठ दे, मध्ये एकही इन्स्ट्रक्शन नको. एसटीआयनंतरची एक इन्स्ट्रक्शन पूर्ण होईपर्यंत प्रोसेसर इंटरप्ट घेत नाही, म्हणून आधीच येऊन थांबलेला आयपीआय एचएलटीला लगेच उठवतो. मध्ये काही घुसवलंस तर इंटरप्ट तिथेच हाताळला जातो आणि त्यानंतर कोर झोपतो, नवा टायमर यादीत तसाच पडून.