मुलांमधले कॅन्सर: पालकसभेत काय सांगावं?

शिक्षिका, तासगाव:
पालकसभेत दहा मिनिटं बोलायचं आहे. अंगणवाडीपासून दहावीपर्यंतचे पालक येतील. कोणत्या वयात कोणता कॅन्सर जास्त आढळतो आणि घरच्यांनी कशावर लक्ष ठेवायचं?

बालरोगतज्ज्ञ, मिरज:
मॅडम, सगळ्यात जास्त रक्ताचा कॅन्सर. त्यातला एएलएल (अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, झपाट्याने वाढणारा रक्ताचा कॅन्सर) २ ते ५ वर्षांच्या मुलांत अधिक. पोर फिकट पडतं, ताप जाऊन पुन्हा येतो, न लागता अंगावर निळे डाग उठतात, पाय दुखतात म्हणून रात्री रडतं. अशा वेळी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) कराच, पण मशीनच्या आकड्यांवर थांबू नका, पॅथॉलॉजिस्टकडून स्मिअरही (काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब) सूक्ष्मदर्शकाखाली बघून घ्या. पांढऱ्या पेशींचा आकडा नॉर्मल असला तरी स्मिअरमध्ये ब्लास्ट (कॅन्सरच्या अपक्व पेशी) दिसू शकतात.

एक कळकळीची विनंती: सांधेवात समजून तपासणीआधीच स्टेरॉइड सुरू करू नका. मूल चार दिवसांत खेळायला लागतं, पण बोन मॅरोतलं (हाडातल्या मगजातलं) चित्र पुसट होतं आणि निदान लांबतं.

सकाळी उठल्याउठल्या डोकं दुखून उलटी होते, चालताना तोल जातो, तर मेंदूत गाठ आहे का ते बघावं लागतं. आंघोळ घालताना पोटात गाठ हाताला लागली, तर ती पुन्हा पुन्हा दाबू नका. मूत्रपिंडाची विल्म्स गाठ फुटू शकते. आधी सोनोग्राफी. आणि फ्लॅशच्या फोटोत एकाच डोळ्याची बाहुली पांढरी चमकली, तर त्याच आठवड्यात डोळ्यांचे डॉक्टर गाठा. तो रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा कॅन्सर, असू शकतो.

अस्थिरोगतज्ज्ञ, सांगली:
आठवी ते दहावीच्या पालकांना गुडघ्याबद्दल नक्की सांगा. आपल्याकडे तालमीतल्या, कबड्डीतल्या पोराचा गुडघा सुजला की मुरगळला म्हणून चोळतात. ऑस्टिओसार्कोमा हा हाडाचा कॅन्सर याच वयात, बहुधा गुडघ्याच्या जरा वर किंवा खाली होतो. विश्रांती घेऊनही २-३ आठवडे दुखणं राहिलं, रात्री ठणकलं, तर मालीश बंद आणि एक्स-रे. बायोप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणं) मात्र जिथे पुढचं ऑपरेशन होणार तिथेच करा. सुई गेलेली वाट नंतर कापून काढावी लागते. ती भलत्या जागी असेल, तर पाय वाचवणं अवघड होतं.

शिक्षिका, तासगाव:
आणि खर्चाचं?

बालरोगतज्ज्ञ, मिरज:
महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत. रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेसाठी मदत करणाऱ्या माणसाला) भेटायचं. एएलएलची औषधं २ ते अडीच वर्षं चालतात. महिनाभरात मूल टवटवीत दिसतं आणि घरचे येणं थांबवतात, तिथेच रोग उलटतो. केमो (कॅन्सरची औषधं) चालू असताना ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला, तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच दवाखाना गाठायचा.