अनुभव धागा : उताडा हिकारू यांची ‘ऑटोमॅटिक’ ही छोटी सीडी

जपानी गायिका उताडा हिकारू यांचे ‘ऑटोमॅटिक / टाइम विल टेल’ हे सिंगल (एक-दोन गाण्यांची सीडी) ९ डिसेंबर १९९८ रोजी ८ आणि १२ सेंटिमीटर अशा दोन आकारांत निघाले. ऑरिकॉनच्या (जपानमधील संगीताच्या खपाच्या) यादीत दोन्ही आवृत्त्यांची नोंद वेगवेगळी झाली आणि एकत्रित खप २० लाखांच्या वर गेला. तेव्हा उताडांचे वय अवघे १५ होते. ज्यांनी यातली छोटी सीडी हाताळली किंवा ऐकली आहे, त्यांनी आपले अनुभव जरूर लिहावेत.

तोक्यो
नोकरीनिमित्त निशिकासाई भागात राहत असताना जुन्या सीडींच्या दुकानात ही मला शंभरेक येनला मिळाली. उभट, अरुंद कागदी वेष्टन, आत प्लास्टिकची पट्टी आणि तिच्या वरच्या अर्ध्या भागात ती इवलीशी चकती. खालचा अर्धा भाग रिकामाच असतो. तो मोडून वेष्टन दुमडले की सीडी खिशात मावते. पूर्वीच्या मालकाने मात्र वेष्टन अजिबात दुमडले नव्हते, आणि इतक्या वर्षांनंतरही ते कोरे करकरीत राहिलेले पाहून मला फार आनंद झाला.

पुणे
जपानी भाषेच्या वर्गात आमच्या बाईंनी हे गाणे मुद्दाम ऐकवले होते. पहिल्याच ओळीत, फोनची घंटा सातव्यांदा वाजल्याचे सांगताना, उताडा ‘नानाकाइमे’ या शब्दातला पहिला ‘ना’ सुटा म्हणतात आणि उरलेला शब्द पुढच्या ठोक्यावर घेतात. बोलताना कोणी असा शब्द तोडणार नाही. पण न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या आणि आर अँड बी (रिदम अँड ब्लूज हा अमेरिकी संगीतप्रकार) ऐकत वाढलेल्या या गळ्याने जपानी शब्दांना त्या तालाची चाल दिली. आई फुजी केइको एन्का (जपानी भावगीतांचा जुन्या वळणाचा प्रकार) गायिका, आणि उताडांचे गाणे मात्र या वळणाचे! माझ्या मते त्या सिंगलचे खरे नवेपण या तोडीत आहे, आणि ‘टाइम विल टेल’ त्यामानाने सरळ वाटते.

नाशिक
गाडीतल्या फटीच्या प्लेअरमध्ये ही सीडी कृपया घालू नये. माझी आत अडकली आणि सगळा प्लेअर उघडावा लागला. बाहेर सरकणाऱ्या ट्रेच्या मधोमध लहान खळगा असतो, त्यात ती नीट बसते.

ओसाका
जपानमध्ये ८ सेंटिमीटरची सिंगल सीडी १९८८ मध्ये आली. तिच्यात साधारण वीस मिनिटांचे ध्वनिमुद्रण मावत असे, म्हणून मूळ गाण्यांबरोबर बहुतेकदा शब्दांविना कराओकेही दिलेला असे. माझ्या कार्यालयातील वयाने मोठ्या सहकारी सांगतात की, त्या काळी मैत्रिणी अशी सीडी घेऊन घरी सराव करत आणि मगच कराओकेच्या खोलीत जाऊन गात. पुढे काही वर्षांतच मोठ्या आकाराच्या सिंगलने तिची जागा घेतली. त्या सहकाऱ्यांनी आपली ‘ऑटोमॅटिक’ अजून जपून ठेवली आहे आणि आम्ही ती त्यांच्याच जुन्या प्लेअरवर ऐकली.