सुखाचा सल्ला देणाऱ्या पुस्तकांत खरं किती?

चौथी_सीट
राहते मुलुंडला, नोकरी लोअर परळला अकाउंट्समध्ये. आमच्या एचआरने यंदा 'वेलनेस' काढलंय. प्रत्येकाला एक डायरी, रोज रात्री दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या आणि शुक्रवारी पानाचा फोटो ग्रुपवर टाकायचा. सुरुवातीला बरं वाटलं. हल्ली ओटा आवरून, उद्याची गवार मोडून बसते तेव्हा डोळे मिटत असतात, मग 'पंखा चालू आहे' असलं काहीतरी खरडते. लेकीने वाचलं आणि म्हणाली, आई, पंखा काल पण चालू होता ना?

डायरीसोबत एक जाडजूड पुस्तकही दिलंय. दर दोन पानांनी 'संशोधनाने सिद्ध झाले आहे' आणि मध्येमध्ये रोमन सम्राट. २१ दिवसांत सवय लागते म्हणे. मला काही लागली नाही. ह्यातलं खरंच तपासलेलं काय आणि नुसत्या गप्पा कोणत्या, कोणी सांगेल का? प्रवचन नको, प्लीज.

कांदिवलीकर
डायरी नको, बोनस द्या म्हणावं. सुख आपोआप येतं की नाही बघा.

पुठ्ठ्याचं_कव्हर
चौथी सीट ताई, गिरगावात आमचं वर्गणीवर चालणारं छोटं वाचनालय आहे, सासऱ्यांनी सुरू केलेलं, आता मी बघते. ही पुस्तकं जानेवारीत आणि दहावी-बारावीच्या निकालानंतर धडाधड जातात. परत येतात तेव्हा दुमडलेला कोपरा पहिल्या-दुसऱ्या प्रकरणातच असतो, पुढची पानं करकरीत. रहस्यकथेच्या शेवटच्या पानावर चहाचे डाग पडलेले असतात, ह्यांच्या कधीच नाहीत. म्हटलं, शेवटी असतं तरी काय? म्हणून मीच वाचायला लागले, आणि मग मागे दिलेले संदर्भ हुडकायची खोडच लागली. भाचा मानसशास्त्र शिकवतो, तो मूळ निबंध काढून देतो.

तुमचे २१ दिवस आधी घेऊ. ते आले मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनकडून, १९६० साली. ऑपरेशननंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला पेशंटला 'निदान' २१ दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. पुढच्यांनी 'निदान' गाळलं आणि चेहराही गाळला. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर हे नीट मोजलं, तेव्हा सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस निघाले. कोणाला १८, तर कोणाचा हिशेब २५४ वर गेला. एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्यातच दिसलं. तेव्हा तुमचं काही चुकत नाहीये.

डायरीचं संशोधन खोटं नाही. एमन्स आणि मॅकलॉ यांचा २००३ चा अभ्यास. पण त्यातल्या एका प्रयोगात विद्यार्थी आठवड्यातून एकदाच लिहीत होते, दहा आठवडे. त्यांना बरं वाटलं ते मुख्यतः कटकटींची यादी करणाऱ्या गटाच्या तुलनेत. नंतर सोन्या ल्युबोमिर्स्कीच्या गटाला असं दिसलं की आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फरक पडला, तीनदा लिहिणाऱ्यांना नाही. तुमच्या पंख्याचं कोडं इथेच सुटतं. आणि फोटो काढून साहेबाला पाठवायला कोणत्याच संशोधकाने सांगितलं नव्हतं.

काही गोष्टी मात्र साफ आडव्या झाल्यात. दातात पेन धरून चेहरा हसरा केला की व्यंगचित्र जास्त मजेदार वाटतं, हा १९८८ चा प्रयोग २०१६ मध्ये १७ प्रयोगशाळांनी करून पाहिला, तसं काही निघालं नाही. कमरेवर हात ठेवून ऐटीत उभं राहिलं की आत्मविश्वास वाढतो, त्याच्या मूळ लेखकांपैकी डेना कार्नी यांनी त्याच वर्षी जाहीर केलं की माझाच आता ह्यावर विश्वास नाही. मला ह्या बाईंचं भारी कौतुक वाटतं. पुस्तक हातात घेतलं की मी आता आधी हेच शोधते: लेखक कुठे 'हे जमलं नाही' म्हणतो का? नसेल म्हणत, तर मी ते दर्शनी फळीवर लावत नाही.

कांदिवलीकर, बोनसला मी हसत नाही. कमाई वर्षाला ७५ हजार डॉलरच्या वर गेली की रोजचा आनंद वाढत नाही, असं कानमन आणि डीटन हे संशोधक २०१० मध्ये म्हणाले. किलिंग्जवर्थने २०२१ मध्ये दाखवलं की वाढतच राहतो. मग कानमन आणि किलिंग्जवर्थ एकत्र बसले आणि २०२३ मध्ये मान्य केलं की बहुतेकांचा वाढतो, सर्वांत दुःखी असलेल्यांचा मात्र एका टप्प्यानंतर थांबतो. इतकं सभ्य भांडण आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये एकदा तरी बघायचंय.

आता रोमन. मार्कस ऑरेलियस दुसऱ्या शतकातला. डॅन्यूबकाठी लढाया, साम्राज्यात साथीचा रोग, आणि हा स्वतःपुरती टिपणं लिहीत होता. ज्याचे विचार वाचून तो शिकला तो एपिक्टेटस जन्माने गुलाम. घटनेपेक्षा घटनेबद्दलचं आपलं मत आपल्याला छळतं, हे त्याचं म्हणणं १९५० च्या दशकात अल्बर्ट एलिसने मानसोपचारात आणलं, आणि इकडे ते कि. मो. फडक्यांनी रुजवलं. त्यात दम आहे, मी स्वतः वापरते. पण जे आपल्या हातात नाही ते सोडून द्या, हे गुलामाने स्वतःला सांगणं वेगळं आणि पगार देणाऱ्याने पुस्तक वाटून नोकरांना सांगणं वेगळं, नाही का?

माझ्या मते सगळ्यांत भक्कम पाया माणसांचा. हार्वर्डचा १९३८ पासून चाललेला अभ्यास तेच सांगतो. एप्ली आणि श्रोडर यांनी शिकागोच्या प्रवाशांना ट्रेनमध्ये अनोळखी माणसाशी बोलायला लावलं. लोकांना वाटलं होतं वैताग येईल, प्रत्यक्षात प्रवास जास्त चांगला गेला.

एक मात्र सांगते. झोप, भूक, कशात मन न लागणं हे आठवडेच्या आठवडे चाललं असेल तर पुस्तक मिटा आणि डॉक्टरांकडे जा. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलतात.

डोंबिवली_फास्ट_उभा
मॅडम, शिकागोत बसायला जागा असते हो. इथे तोंड उघडलं तर समोरच्याची बॅग आत जाते. टेक्सासच्या ९०९ नोकरदार बायकांच्या अभ्यासातही सकाळचा प्रवास आनंदाच्या यादीत तळाशी होता, २००४ चं आहे, कानमनचंच. हा, आमचा भजनाचा डबा आहे, टाळ असतात, गुरुवारी प्रसाद असतो. पण तिथे अनोळखी कोण आहे?

लोखंडवाला_काका
मुंबईचं उदाहरण मुंबईकरच विसरले. पहिला हास्यक्लब आमच्याच इथल्या बागेत सुरू झाला, १३ मार्च १९९५, डॉ. मदन कटारिया आणि आणखी चार जण. आधी रोज जोक सांगायचे. थोड्याच दिवसांत चांगले संपले, चावट आणि टोचणारे सुरू झाले, लोक नाराज व्हायला लागले. मग डॉक्टर म्हणाले, जोकशिवायच हसू. मी बऱ्याच उशिरा गेलो. हात वर करून हो-हो-हा-हा करताना पहिल्या दिवशी मेल्याहून मेल्यासारखं झालं, कोपऱ्यावरचा दूधवाला बघत होता. हसण्याने काय होतं ते विज्ञानवाले जाणोत. मला विचाराल तर खरा इलाज नंतरच्या कटिंगचा. दोन दिवस गेलो नाही की तिसऱ्या दिवशी कोणीतरी बेल वाजवतं.

चौथी_सीट
सगळ्यांना थँक्यू. पुठ्ठ्याचं कव्हर ताई, आजपासून फक्त रविवारी लिहिणार. फोटोचं एचआरला विचारलं, तर म्हणे 'मग एंगेजमेंट कसं मोजणार?' बघू, पुढच्या शुक्रवारी कोरं पान टाकून पाहते. तुमचं वाचनालय संध्याकाळी किती वाजेपर्यंत असतं? डिपॉझिट किती?

पुठ्ठ्याचं_कव्हर
साडेआठ. सोमवारी बंद. डिपॉझिटचं आल्यावर बोलू. लेकीलाही आणा, पंखेवालीला माझ्याकडून एक पुस्तक फुकट.