धुळीची अ‍ॅलर्जी असलेल्या घरात स्टीम शॉवर बसवावा का?

कोथरूडकर: फ्लॅटचं काम काढलंय. आईला धुळीची अ‍ॅलर्जी, सकाळी शिंका सुरू झाल्या की थांबत नाहीत. डिझायनर म्हणतो स्टीम बसवा, नाक मोकळं होईल. बाथरूम ५ बाय ८, खिडकी डक्टमध्ये (इमारतीतल्या उभ्या मोकळ्या जागेत) उघडते, पाणी बोअरचं. काय करू?

साइटवाला: नाक तेवढ्यापुरतं मोकळं होतं हो, अ‍ॅलर्जी जात नाही. उलट हवेत ५० टक्क्यांच्या वर दमटपणा राहिला की धुळीतले माइट्स (डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव, त्यांचीच अ‍ॅलर्जी अनेकांना असते) फोफावतात. वाफ बेडरूममध्ये शिरली तर गादीत त्यांची चंगळ! बसवायचाच असेल तर शॉवरची काच थेट छतापर्यंत न्या. छताला थोडा उतार हवा, नाहीतर गार थेंब टपाटप डोक्यावर. जिप्समचं फॉल्स सीलिंग अजिबात नको, काळी बुरशी धरते. वॉटरप्रूफिंग भिंतींबरोबर छतालाही करून घ्या (कंत्राटदार हेच गाळतात), टाइल्सच्या सांध्यांत एपॉक्सी ग्राउट (पाणी न शोषणारं भरण). बोअरच्या पाण्याचा क्षार वाफ करणाऱ्या जनरेटरच्या कॉइलवर चढतो, तेव्हा पाण्याचा जडपणा काढणारा सॉफ्टनर लागेलच.

चिंचवडची सून: आईंना दमा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, काहींना गरम दमट हवेत धाप लागते. आम्ही ते पैसे गादी-उशांच्या माइटप्रूफ खोळींवर घातले. चादरी दर आठवड्याला ६० अंशांवर मशीनला.

कोथरूडकर: दमा नाही. एक्झॉस्ट डक्टमध्ये सोडला तर चालेल?

साइटवाला: डक्ट वरून उघडा असेल तर चालेल. वरच्या मजल्यावाल्यांनी पत्रा टाकून बंद केला असेल, तर स्टीम विसरा.