आईच्या गोळ्यांचं वेळापत्रक: कोणती कधी, कोणती नकोच?

शंकासुर:
आईचं वय ६१, शाकाहारी, दूध-दही चालतं. लेव्होथायरॉक्सिन (थायरॉइडची गोळी) आणि मेटफॉर्मिन (मधुमेहाची) बऱ्याच वर्षांपासून. त्यात आता लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि केस-नखांसाठी बायोटिनवाली मल्टिव्हिटॅमिन. मेटफॉर्मिन सोडून सगळं सकाळी चहासोबत एकदमच पोटात जातं. टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी; थायरॉइड संप्रेरक कमी पडलं की हा आकडा वाढतो) कधी वर, कधी खाली. हिमोग्लोबिन मात्र जागचं हलत नाही. काय कधी द्यावं आणि काय देऊच नये?

खलबत्ता:
आधी वेळा सुधारा, डोसचं नंतर बघू. कॅल्शियम आणि लोह दोन्ही थायरॉइडच्या गोळीला आतड्यातच धरून ठेवतात. टीएसएच वाढतो, म्हणून डोस वाढवला जातो. मग कधी कॅल्शियमची बाटली संपते, आठवडाभर नवीन आणली जात नाही, आणि तोच डोस जास्त होतो.

उठल्या उठल्या नुसत्या पाण्यासोबत लेव्होथायरॉक्सिन. पुढे किमान अर्धा तास, जमल्यास तासभर, चहासुद्धा नाही. लोह आणि कॅल्शियम तिच्यापासून ४ तास लांब. म्हणजे लोह दुपारच्या जेवणाआधी तासभर, कॅल्शियम रात्रीच्या जेवणासोबत. ड स्निग्धात विरघळतं, तेही त्याच जेवणात बसेल. असं ६ ते ८ आठवडे नीट चाललं की मगच टीएसएच तपासा. त्याआधीच्या आकड्याला फारसा अर्थ नाही.

कॅल्शियमच्या बाटलीवरचा मोठा आकडा फसवा असतो. १२५० मिग्रॅ कॅल्शियम कार्बोनेटमध्ये प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिग्रॅच. एका वेळी त्याहून जास्त घेतलं तर शोषणाचं प्रमाण घसरतं. कार्बोनेटला पोटातलं आम्ल लागतं, म्हणून जेवणासोबत; आम्लपित्ताची गोळी रोज चालू असेल तर कॅल्शियम सायट्रेट घ्या. आणि आधी दूध-दही मोजा. पाव लिटर दुधातून साधारण ३०० मिग्रॅ मिळतं. या वयाला दिवसाला १००० ते १२०० मिग्रॅ धरतात. गोळी फक्त उरलेल्या तुटीपुरती.

सूक्ष्मदर्शक:
वेळांबद्दल +१. हिमोग्लोबिन हलत नाही म्हणून लोह दुप्पट करू नका. लोहाचा डोस पोटात गेला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि ते साधारण दिवसभर लोहाचं दार अडवून धरतं. दिवसातून दोनदा दिलेल्या गोळ्यांपैकी दुसरी बरीचशी वाया जाते, वर मळमळ आणि बद्धकोष्ठ. दिवसाआड एकच डोस घेतला तर प्रत्येक गोळीतलं लोह जास्त प्रमाणात शोषलं जातं. चहा, कॉफी, दूध तिच्या आसपास नको.

पण खरा प्रश्न वेगळाच आहे. पाळी थांबून वर्षं झालेल्या बाईचं लोह जातंय कुठे? फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासा, सोबत सीआरपी (दाहाची रक्तचाचणी), कारण शरीरात दाह असेल तर फेरिटिन उगाचच चांगलं दिसतं. फेरिटिन ३० नॅनोग्रॅम प्रति मिलीच्या खाली असेल तर पोट आणि मोठं आतडं दुर्बिणीतून पाहण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. न दिसणारा रक्तस्राव लोहाच्या गोळ्यांखाली वर्षभर झाकून राहू शकतो. टीटीजी-आयजीए ही सीलिअॅकची तपासणीही करा. गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतडं बिघडणाऱ्या त्या आजारात लोह आणि थायरॉइडची गोळी दोन्ही नीट शोषली जात नाहीत. तपासणीआधी गहू बंद करू नका, नाहीतर ती खोटी निगेटिव्ह येते.

शाकाहार अधिक मेटफॉर्मिन, दोन्हींमुळे बी-१२ कमी पडू शकतं, म्हणून ते तपासायलाच हवं. गंमत अशी की लोहाच्या कमतरतेने तांबड्या रक्तपेशी लहान होतात, बी-१२ च्या कमतरतेने मोठ्या; दोन्ही असल्या की एमसीव्ही (या पेशींचा सरासरी आकार) नॉर्मल दिसतो. आरडीडब्ल्यू (पेशींच्या आकारातला फरक) वाढलाय का बघा. बी-१२ २०० ते ३०० पिकोग्रॅम प्रति मिलीच्या मध्ये अडकलं तर मिथाइलमॅलोनिक अॅसिड (बी-१२ कमी पडलं की वाढणारं) तपासून उलगडा होतो. नुसतं फोलिक अॅसिड सुरू करू नका: रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांची झीज चालूच राहते.

उलटतपासणी:
बायोटिन राहिलं. दिवसाला ३० मायक्रोग्रॅम पुरतं. केसांच्या गोळ्यांत ५ ते १० हजार असतं. कित्येक प्रयोगशाळांच्या थायरॉइड चाचण्या बायोटिनच्याच रसायनावर चालतात. त्यामुळे टीएसएच खोटा कमी आणि टी-४ (थायरॉइडचं संप्रेरक) खोटा जास्त येतो, थेट हायपरथायरॉइडचं, म्हणजे थायरॉइड अति काम करत असल्याचं चित्र. तुमच्या वर-खालीतला 'खाली' कदाचित हाच. रक्त देण्याआधी किमान २-३ दिवस बंद ठेवा. ट्रोपोनिन ही हृदयविकाराच्या झटक्याची चाचणीही फसते, म्हणून तातडीने दवाखान्यात न्यावं लागलं तर हे आठवणीने सांगा. माझ्या मते ही गोळी नकोच.

शंकासुर:
बायोटिन आजपासून बंद. अजून दोन गोष्टी. ड ६०,००० युनिट आठवड्याला एक, असे ८ आठवडे झाले; पुढे चालू ठेवायचं का? आणि कर्करोग टळावा म्हणून कोणी ई जीवनसत्त्व आणि बीटा-कॅरोटीन सुचवलंय.

सूक्ष्मदर्शक:
आठवड्याचा डोस तूट भरण्यासाठी असतो, कायमचा नव्हे. पुढे बहुतेकांना रोज ८०० ते २००० युनिट पुरतं; नेमकं डॉक्टर ठरवतील. तीन महिन्यांनी पातळी आणि कॅल्शियम बघा. चिठ्ठी तशीच वापरत राहिलं की कॅल्शियम चढतं: तहान, बद्धकोष्ठ, उलट्या, शेवटी मूत्रपिंड. 'वर्षातून एकदाच मोठा डोस' हाही मार्ग नाही. २०१० मध्ये छापलेल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत वृद्ध स्त्रियांना वर्षाला ५ लाख युनिट दिलं, तर पडणं आणि हाडं मोडणं उलट वाढलं.

बीटा-कॅरोटीनची अपेक्षा फिनलंडमधल्या धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर तपासली गेली. १९९४ चा निकाल: रोज २० मिग्रॅ घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त. ई जीवनसत्त्वाच्या ४०० युनिटने 'सिलेक्ट' चाचणीत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी वाढलेला दिसला. दोन्ही चाचण्या पुरुषांवरच्या, मान्य. पण स्त्रियांत कर्करोग टळतो असंही कुठे दिसलेलं नाही. हे पदार्थ भाज्याफळांतून खा, बाटलीतून नको.

खलबत्ता:
लोहाने पोट बिघडलं तर थोडं खाऊन घेऊ द्या. शोषण कमी होईल, पण गोळी सुटण्यापेक्षा बरं. शौच काळपट होणारच. डांबरासारखं चिकट आणि उग्र वासाचं दिसलं तर मात्र लोहावर ढकलू नका, त्याच दिवशी दाखवा.